दोन टक्के, देवधर्म आणि बोर्डावरची बाई

माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा कॉजवे सरकारी तिजोरीतून झालेला नाही. 1840 च्या आसपास तिथली खाडी होडीनेच ओलांडावी लागे. पावसाळ्यात होड्या उलटायच्या, माणसं बुडायची, आणि ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार हात आखडून बसलं होतं. शेवटी पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये पुढे केले. सोबत एक अट घातली: इथून जाणाऱ्या कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. 1845 मध्ये कॉजवे सुरू झाला. माहीमचा लेडी जमशेटजी रोड, म्हणजे आपला एलजे रोड, त्यांच्याच नावाचा.

त्या अटीकडे जरा नीट बघा. पैसे देणारे पुष्कळ असतात, पण त्या पैशाचा उपयोग कुणाला व्हावा हे देतानाच बांधून घेणारे कमी. याच कुटुंबाच्या दानातून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, तेही 1845 मध्येच खुलं झालं. दानधर्माला पारशी समाजात मोठा मान, त्यामुळे यात नवल नाही. पण हा पैसा आला कुठून? चीनशी चाललेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून. अफूला चीनमध्ये बंदी होती, पण ब्रिटिशांच्या राज्यात हा धंदा कायदेशीर होता आणि मुंबईतल्या सगळ्या बड्या व्यापारी जमाती त्यात होत्या.

श्रद्धा, घरातली बाई आणि धंद्याचा पैसा यांचं हे नातं आज अभ्यासक आकडेवारी घेऊन तपासतात. कंपनीच्या आसपासचं किंवा मालकांच्या घरातलं धार्मिक वातावरण आणि संचालक मंडळावरच्या स्त्रिया यांमुळे कंपनी समाजाशी वेगळं वागते का? उत्तर आहे, पण ते सरळ हो-नाहीत बसत नाही. आपल्या देशात तर त्याला कायद्याने आणखी एक पीळ दिला आहे, म्हणून सुरुवात कायद्यापासून करू.

आकडा कायद्याने ठरला

सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. जगभर याचा अर्थ बराच ऐसपैस घेतात: कामगारांना कसं वागवता, सांडपाणी कुठे सोडता, पुरवठादारांचे पैसे वेळेवर देता का, गिऱ्हाइकाला खरं सांगता का, आणि या सगळ्यानंतर समाजासाठी वेगळं काही करता का. भारतात मात्र 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 ने यातल्या शेवटच्या भागाला एक आकडा चिकटवला. ज्या कंपनीची नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू झालं.

खर्च कशावर करायचा याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. भूक, आरोग्य, पिण्याचं पाणी, शिक्षण, स्त्रियांसाठी वसतिगृहं, पर्यावरण, प्राण्यांचं कल्याण, ऐतिहासिक वास्तू, खेळ, झोपडपट्टी विकास असं बरंच काही. कशाला सीएसआर म्हणायचं नाही हेही लिहिलेलं आहे: राजकीय पक्षांना दिलेली देणगी, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम, आणि जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप. गणेशोत्सवात रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या कमानींवर कंपन्यांची नावं झळकतात, तो खर्च जाहिरातीचा. पण लालबाग-परळकडची काही मंडळं वर्षभर डायलिसिस केंद्रं चालवतात. तशा केंद्राला, संस्थेची रीतसर नोंदणी असेल तर, सीएसआरचा पैसा मिळू शकतो. मंडळ तेच, बाप्पा तोच, पण पैसा कमानीला गेला की मशीनला गेला यावर हिशोबाचा रकाना बदलतो.

2021 पासून नियम आणखी कडक झाले. पैसा खर्च झाला नाही तर तो ठरलेल्या सरकारी निधीत भरावा लागतो किंवा चालू प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरावा लागतो. चुकवल्यास दंड आहे.

याचा एक अनपेक्षित परिणाम धम्मिका धर्मपाल आणि विक्रमादित्य खन्ना या अभ्यासकांनी दाखवला. कायदा येण्याआधी ज्या मोठ्या कंपन्या 2 टक्क्यांहून जास्त खर्च करत होत्या, त्यांपैकी बऱ्याच कायद्यानंतर खाली, 2 टक्क्यांच्या दिशेने सरकल्या. किमान म्हणून घातलेली रेघ पुष्कळांना कमाल वाटली.

परदेशातले अभ्यास बहुतेक वेळा ‘धार्मिक वातावरणात कंपन्या जास्त करतात का’, ‘स्त्री संचालक असल्या की जास्त करतात का’ असं विचारतात. आपल्याकडे ‘किती’ हे कायद्याने ठरवून टाकलंय. म्हणून इथे धर्माचा आणि स्त्री संचालकांचा ठसा शोधायचा तर पैसा कुणाकडे गेला, का गेला आणि गेल्यावर कुणी त्याची विचारपूस केली का, या तीन जागी शोधावा लागतो.

धर्म: घेणारा कोण हे ठरवणारा

प्रत्येक धर्माने दानाचं गणित आधीच मांडून ठेवलं आहे. मुस्लिमांमध्ये जकात, म्हणजे ठराविक मर्यादेपेक्षा जास्त आणि वर्षभर बाळगलेल्या संपत्तीवर अडीच टक्के. ती कोणाला द्यायची त्याचे आठ प्रकारही सांगितलेले. शिखांमध्ये दसवंद, कमाईचा दहावा हिस्सा. जैनांमध्ये जीवदया. हिंदूंमध्ये अन्नदानापासून विहीर खोदण्यापर्यंत सगळं पुण्याच्या खात्यात. कलम 135 चे दोन टक्के या रांगेत ठेवून पाहिले तर ते फार जाचक वाटत नाहीत, विशेषतः जकात साठलेल्या संपत्तीवर आणि सीएसआर फक्त नफ्यावर असतो हे लक्षात घेतल्यावर.

पण धर्माचा खरा प्रभाव टक्क्यांत नसून घेणाऱ्याच्या निवडीत दिसतो. 1832 मध्ये ब्रिटिशांनी मुंबईतली भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. दंगल झाली. त्यानंतर 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाय आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळ सुरू केलं. भुलेश्वरजवळच्या त्या जागेत आजही गायी आहेत. पारशी आणि जैन, दोन वेगळे धर्म, पण मुक्या जनावराच्या बाबतीत मत एक, आणि खिशात व्यापाराचा पैसा. दुसऱ्या श्रद्धेच्या व्यापाऱ्यांनी त्याच पैशातून दुसरं काही उभारलं असतं.

आता सातवी अनुसूची पुन्हा डोळ्यांसमोर आणा. धार्मिक विधींना तिथे जागा नाही, आणि ते योग्यच आहे. पण श्रद्धेला आत यायला दारं आहेत. पांजरापोळ प्राणी कल्याणात बसतं, अन्नछत्र भूक निवारणात, जुन्या देवळाच्या दगडी बांधकामाची डागडुजी ऐतिहासिक वास्तूंच्या जतनात. मालक कुटुंबाची श्रद्धा अशी कायद्याच्या भाषेत येऊन बसते. मला यात खोटेपणा वाटत नाही. कुठेतरी द्यायचंच आहे तर माणूस मनाला भावेल तिथे देणार. फक्त मग गोवंडी-मानखुर्दच्या झोपडपट्टीतल्या गटाराला कुणाच्याच श्रद्धेत जागा नसते, हा त्यातला धोका.

दुसरा धोका आपल्या माणसांपुरतं पाहण्याचा. जातीची, पंथाची वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, इस्पितळं, सॅनिटोरियम यांनी मुंबई भरलेली आहे. गावाहून नवख्या शहरात आलेल्या हजारोंना त्यांनी आधार दिला, हे नाकारता येणार नाही. पण शेअर बाजारात नोंदवलेल्या कंपनीचा पैसा सगळ्या भागधारकांचा असतो, एका ज्ञातीचा नसतो.

आणि एक अडचण. दान गुप्त असावं, या हाताचं त्या हाताला कळू नये, अशी आपली शिकवण. सीएसआरमध्ये नेमकं उलट: प्रकल्प वेबसाइटवर टाका, वार्षिक अहवालात लिहा, सीएसआरचा फॉर्म भरा. भाविक वृत्तीच्या उद्योजकाला हे दिखाऊ वाटू शकतं. पण गुप्तदानात स्वतःचा पैसा असतो. दुसऱ्यांच्या पैशाचं दान गुप्त ठेवलं तर त्याला वेगळं नाव आहे.

अभ्यासक धर्म मोजतात तरी कसा? अमेरिकेत एखाद्या काउंटीमधले, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागातले, किती लोक चर्चशी जोडलेले आहेत ते पाहतात. चीनमधल्या काही अभ्यासांत कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यापासून ठराविक अंतरात किती धर्मस्थळं आहेत ते मोजलं गेलं. हीच पद्धत मुंबईला लावून पाहा. फोर्टमधल्या एखाद्या कचेरीभोवती 1718 चं सेंट थॉमस कॅथेड्रल, काळा घोड्याचं 1884 चं निळं सिनेगॉग, अनेक अग्याऱ्या, मुंबादेवी, जामा मशीद, थोडं पुढे बाबुलनाथ आणि हाजी अली. सगळ्याच कंपन्या धार्मिक ठरतील आणि सगळ्या सारख्याच ठरतील. इथे परिसरापेक्षा प्रमोटर, म्हणजे कंपनी उभारून ताब्यात ठेवणाऱ्या, कुटुंबाचं घर महत्त्वाचं. मूळ गाव, पंथ, कुलदैवत, आईने लावलेले नेम. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्याला दिलेल्या पैशातून राजाबाई टॉवर झाला, नाव आईचं. त्या जैन होत्या, दृष्टी गेलेली होती, आणि सूर्यास्ताआधी जेवण्याचा नेम घंटेवर पाळता यावा म्हणून हा मनोरा, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, मुंबईला ती खरी वाटते, हे बोलकं आहे.

अमेरिकेतल्या अभ्यासांमधून आलेला एक निष्कर्ष मला दानापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. जिल हिलरी आणि काई वाई हुई यांनी 2009 मध्ये दाखवलं की जास्त धार्मिक भागांतल्या कंपन्या धोका कमी पत्करतात. पुढच्या काही अभ्यासांत अशा भागांत हिशोबातली फिरवाफिरवही कमी दिसली. म्हणजे धर्माचा परिणाम देणगीच्या पावतीपेक्षा वहीच्या पानावर जास्त. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करून पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ लिहितात. त्या वहीत पुढे काय लिहिलं जातं याचीही तपासणी जबाबदारीत मोडते.

बाई बोर्डावर आली, पुढे?

सत्यनारायणाच्या पूजेत यजमान संकल्प सोडतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावून बसते. पूजा दोघांची, पुण्य दोघांचं, पण गुरुजी विचारतात त्याला आणि पळीतलं पाणी सोडतो तो. कितीतरी कंपन्यांत पहिली स्त्री संचालक अशीच आली.

कंपनी कायद्याने प्रत्येक लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदवलेल्या, कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणं बंधनकारक केलं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने दिलेली मुदत आधी 1 ऑक्टोबर 2014 होती, ती पुढे 1 एप्रिल 2015 झाली. मुदत जवळ आली तशी धावाधाव झाली आणि अनेक प्रमोटरांनी पत्नी, मुलगी, सून, वहिनी यांची नावं पाठवली. कायद्याचं कलम पाळलं गेलं, पण खुर्चीवर बसलेली व्यक्ती घरातलीच. ग्रामपंचायतीत ‘सरपंचपती’ हा प्रकार आपण पाहिलेला आहेच. त्यावर उपाय म्हणून उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर सेबीने सांगितलं की नुसती स्त्री नको, स्वतंत्र संचालक स्त्री हवी: बाजारमूल्याने पहिल्या 500 कंपन्यांत 1 एप्रिल 2019 पासून आणि पहिल्या 1000 मध्ये 1 एप्रिल 2020 पासून. स्वतंत्र म्हणजे प्रमोटरशी नातं नाही, धंद्यात आर्थिक हितसंबंध नाही.

घरातल्या बाईला मात्र एका फटक्यात खारीज करू नये. जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी नवाजबाई टाटा टाटा सन्सच्या संचालक मंडळावर आल्या, तिथल्या त्या पहिल्या स्त्री. सर रतन टाटा ट्रस्टचं अध्यक्षपद त्यांनी कित्येक वर्षं सांभाळलं. सूनबाई म्हणून आल्या, पण शोभेपुरत्या राहिल्या नाहीत. आज टाटा सन्सचा सुमारे 66 टक्के हिस्सा धर्मादाय ट्रस्टांकडे आहे. 1931 मध्ये सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यानंतर त्यांच्या नावाने संशोधनासाठी ट्रस्ट झाला, आणि 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या फुटपाथवर आज देशभरातून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दिसतात. त्यांतला पारशी शोधून सापडायचा नाही.

मग अभ्यास काय म्हणतात? क्रिस बायरन आणि कोरिन पोस्ट यांनी 2016 मध्ये 87 वेगवेगळ्या नमुन्यांचा एकत्रित आढावा घेतला. संचालक मंडळावर स्त्रिया जास्त असतील तर कंपनीची सामाजिक कामगिरी थोडी चांगली, असं त्यातून निघालं. आणि ज्या देशांत भागधारकांना कायद्याचं संरक्षण भक्कम आहे आणि स्त्री-पुरुष समानता जास्त आहे, तिथे हा संबंध अधिक ठळक. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. मुळातच नीट चालणाऱ्या कंपन्या स्त्रियांना लवकर घेत असतील, तर श्रेय कुणाचं?

म्हणून सक्तीचे कायदे अभ्यासाला फार उपयोगी पडतात. नॉर्वेने पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या मंडळांवर 40 टक्के स्त्रिया सक्तीच्या केल्या आणि 2008 पर्यंत सगळ्यांना ते पाळावं लागलं. डेव्हिड मात्सा आणि अमालिया मिलर यांना आढळलं की या सक्तीनंतर तिथल्या कंपन्यांनी इतरांच्या तुलनेत कमी कामगार काढले. नफा त्यामुळे कमी झाला, हेही त्यांनी लिहिलं. इथे कुठे शाळा रंगवलेली नाही, चेकवाटपाचा फोटो नाही. कुणाची तरी नोकरी टिकली, एवढंच. माझ्या मते सामाजिक जबाबदारीचा हा सर्वात ठोस पुरावा, आणि आपल्या कलम 135 च्या हिशोबात त्याची किंमत शून्य धरली जाते.

स्त्रिया स्वभावानेच मायाळू, म्हणून असं होतं, हे स्पष्टीकरण सोपं आहे आणि फसवं आहे. स्वीडनच्या संचालकांवर रेने अ‍ॅडम्स आणि पॅट्रिशिया फंक यांनी केलेल्या अभ्यासात स्त्री संचालक इतरांच्या भल्याचा विचार पुरुषांपेक्षा जास्त करताना दिसल्या खऱ्या, पण धोका पत्करायलाही त्या पुरुष संचालकांपेक्षा थोड्या जास्तच तयार होत्या. इतक्या वर जी पोहोचते ती भित्री नसते. याच अ‍ॅडम्स यांनी डॅनियल फरेरा यांच्यासोबत अमेरिकन कंपन्यांच्या बैठकांची हजेरी तपासली: स्त्रियांची हजेरी चांगली, आणि मंडळावर स्त्रिया वाढल्या की पुरुषही जास्त नियमित यायला लागतात.

मला पटणारं स्पष्टीकरण वेगळं आहे. वेगळं आयुष्य जगलेला माणूस वेगळे प्रश्न विचारतो. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायती पाहिल्या. जिथे सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव होतं, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, कारण हंडा कुणाच्या डोक्यावर असतो ते त्यांना माहीत होतं. कंपनीच्या बैठकीतही तसंच. शाळेला शंभर बाकं दिली, ठीक आहे; मुलींचं स्वच्छतागृह आहे का, त्याला कडी आहे का, पाणी कोण भरतं? हा प्रश्न अजेंड्यावर नसतो. कुणीतरी तो विचारावा लागतो.

आणि एकटी बाई तो विचारेलच असं नाही. रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 मध्येच दाखवलं होतं की गटात एकटी असलेली स्त्री सगळ्या स्त्रियांची प्रतिनिधी धरली जाते, तिच्यावर सतत नजर असते, आणि ती जपून बोलते. पुढच्या अभ्यासांत तीनचा आकडा वारंवार येतो: मंडळावर तीन स्त्रिया झाल्या की त्यांचं बोलणं ‘बायकांचं म्हणणं’ राहत नाही, एका संचालकाचं मत होतं. आपला कायदा मात्र एकावर थांबला आहे.

दोन्ही धागे जिथे एकत्र येतात

भारतातल्या घराण्यांच्या कंपन्यांत एक वाटणी दिसते. धंदा तो बघतो, फाउंडेशन ती बघते. कापड, सिमेंट, तेल त्याच्याकडे. शाळा, इस्पितळ, कला तिच्याकडे. घरातला दानधर्म, व्रतवैकल्यं, माहेरवाशिणीपासून मोलकरणीपर्यंत कुणाला काय द्यायचं हे बायकांनीच पाहायचं, ही जुनी रीत कंपनीच्या रचनेत उतरली आहे. यातून चांगली कामं झाली आहेत, मोठीही झाली आहेत. पण या वाटणीमुळे बाईच्या वाट्याला नफ्यातले दोन टक्के येतात आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णवांवर तिला बोलायला जागा राहत नाही. अफूच्या पैशातून कॉजवे झाला तेव्हाही हीच वाटणी होती. टोल नको म्हणण्याचा अधिकार अवाबाईंना होता, माल कोणता पाठवायचा हे ठरवण्याचा नव्हता.

तेव्हा स्त्री संचालक सीएसआर समितीवर आहे हे वाचून मला फारसा आनंद होत नाही. ऑडिट समितीवर आहे का, वेतन ठरवणाऱ्या समितीवर आहे का, हे मी पाहतो.

तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे चार शेअर असतील तर हे घरबसल्या पाहता येतं. वार्षिक अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर असतो. कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या भागात संचालकांचं एकमेकांशी असलेलं नातं छापावं लागतं; स्त्री संचालकाच्या नावापुढे ‘पत्नी’ किंवा ‘कन्या’ आहे का ते तिथे कळेल. त्याच भागात कोण किती बैठकांना हजर होतं ते असतं. सीएसआरच्या परिशिष्टात समितीवर कोण, बैठका किती, पैसा किती उरला हे सापडेल. ज्या कंपनीवर सरासरी 10 कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर खर्चाचं बंधन आहे, तिला 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं मूल्यमापन बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. तो अहवाल उघडून पाहा, त्यात लाभार्थी बोलतात की फक्त आकडे, ते लगेच कळतं. प्रकल्प कुठल्या जिल्ह्यांत आहेत त्यावरही नजर टाका. कायदा कंपनीच्या जवळच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो, त्यामुळे मुंबई-पुण्याकडे पैसा आपोआप येतो. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांपैकी एखादं नाव दिसलं तर कुणीतरी मुद्दाम विचार केला आहे असं धरायला हरकत नाही.

पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) नावाचा आणखी एक अहवाल द्यावा लागतो. त्यात स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचं मध्यम वेतन वेगवेगळं दाखवलेलं असतं, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या तेही असतं, आणि कायमस्वरूपी नसलेल्या कामगारांची संख्या वेगळ्या रकान्यात असते. फोटो जवळपास नसतातच, त्यामुळे वाचायला कंटाळा येतो. मी सुरुवात तिथूनच करतो.